एका दिवसाचा ताप

"जंतूंशी लढणारी प्लीहाच हिच्या पोटात नाही," मुलीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून डॉक्टर वृषालीला म्हणाले. "फार क्वचित एखादं मूल असं जन्मतं. रक्तात जंतू शिरले की दिवसभरात घात होतो. हिचा भाऊही बहुधा यानेच गेला."

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी, सुलोचनाबाईंनी, मांडीवरच्या नातीला जवळ ओढलं. नातू एका दिवसाच्या तापात गेला, त्या गोष्टीला चार वर्षं झाली होती. "माहेरच्या लग्नात त्याला गर्दीत फिरवलंस, म्हणून गेला," असं त्या सुनेला येता-जाता ऐकवत. वृषाली कधी उलटून बोलली नाही.

"हिला कसं जपायचं?" वृषालीने विचारलं.

"सगळ्या लसी द्या. अँटिबायोटिक रोज पाजा. आणि ताप आला तर तासभरही थांबू नका."

सुलोचनाबाईंना नातवाच्या तापाची ती सकाळ आठवली. त्या सकाळी वृषाली तापलेल्या बाळाला घेऊन दवाखान्यात निघाली होती. "दात येताना ताप येतोच," म्हणत त्यांनीच तिला दारातून परत फिरवलं होतं. हे वृषालीने आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"सूनबाई..." त्यांनी कसंबसं म्हटलं.

वृषालीने त्यांच्याकडे न बघता त्यांच्या मांडीवरची मुलगी उचलून आपल्याकडे घेतली.