आधी झोपून बघते

"सही नंतर. आधी झोपून बघते," भट्टीवाली म्हणाली आणि चपला काढून सरळ पलंगावर बसली.

इमारतीच्या सेक्रेटरींनी पुढे केलेला कागद हातातच राहिला. कमी ऐकू येणाऱ्या भाडेकरूंच्या खोल्यांत धुराची सूचना देणारी यंत्रं बसवून दिली, कुणाचीही तक्रार नाही, असं त्यावर छापलं होतं. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. हीच एक उरली होती, आणि ही नडणार हे त्यांना जिना चढतानाच कळून चुकलं होतं.

"बाई, हे खास तुमच्यासारख्यांसाठीच आहे," ते तोंड मोठं करून, एकेक अक्षर चावत म्हणाले. "धूर आला की दिवा लागतो. डोळे दिपतील असा."

"मिटलेले डोळे कसे दिपणार?" तिचा आवाज नेहमीच चढा. स्वतःला नीट ऐकू आला नाही तरी दुसऱ्यांना ऐकवायची तिची पुरेपूर तयारी असे. "रात्रभर मी बेकरीत भट्टीपुढे उभी. झोपते दिवसा, डोक्यावर पांघरूण घेऊन. मी काय सांगितलं होतं? गादीखाली ठेवायचं यंत्र द्या, धूर आला की गदागदा हलवणारं. आणि तुम्ही आणलात दिवा."

थोरली बहीण कामावर निघायच्या तयारीत, खांद्याला पिशवी अडकवून दाराशी उभी होती. तिने समोर येऊन ओठ दिसतील अशा बेताने सांगितलं, "कर गं सही. मिळतंय ते पदरात पाडून घे. उगाच कशाला वाकड्यात शिरतेस?"

"ताई, मागच्या महिन्यात खाली आग लागली. अख्खी इमारत रस्त्यावर होती. मी कुठे होते?"

आग लागून विझल्याचं संध्याकाळी घरी येऊन ताईनेच हिला सांगितलं होतं.

भट्टीवालीने कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. "माझा डोळा लागला की लावा तुमचा दिवा," असं म्हणून ती आडवी झाली आणि तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

रात्रभर पाव भाजून आलेली बाई ती. पाच मिनिटांत घोरायला लागली. सेक्रेटरींनी खूण केली तसं त्यांच्यासोबत आलेल्या वायरमनने स्टुलावर चढून छताजवळच्या यंत्राचं बटण दाबलं. दिवा लखलखू लागला, आणि त्याच्या जोडीला भोंगाही. सेक्रेटरींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. समोरच्या खोलीतले आजोबा अर्ध्या दाढीला फेस घेऊन बाहेर आले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी धडाधडा जिना उतरत आलं. सगळा मजला गोळा झाला आणि भट्टीवाली घोरत राहिली.

"सोंग आहे हे!" सेक्रेटरी ओरडले.

"सोंगात इतकं मन लावून कुणी घोरत नाही, साहेब," वायरमन म्हणाला आणि त्याने भोंगा बंद केला. दिवा तेवढा चालू ठेवला.

"ताई, उठवा हिला. कागद मला आजच पोहोचवायचाय."

ताई पुढे आली. तिचा हात बहिणीच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मोठ्या माणसांपुढे तोंड उघडायचं म्हणजे ताईला घाम फुटायचा. आत्ताही फुटला होता. पण तिने हात मागे घेतला आणि ती उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

"मी नाही उठवणार. या वेळी मी घरात नसते."

"अहो, पण आत्ता आहात ना!"

"नाही. कामावर आहे असं धरा."

सेक्रेटरींनी वायरमनकडे पाहिलं. तो एक स्क्रू घट्ट करण्यात गढून गेला होता. स्क्रू मघाशीच घट्ट झाला होता.

मग सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. पाय आपटून पाहिले. "बाई, अहो बाई," करून घसा बसवून घेतला. दारात माणसं वाढत होती आणि त्यांतलं एकही पुढे होत नव्हतं. परक्या बाईला हात तरी कसा लावायचा? शेवटी त्यांनी कागद काखेत धरला, पलंगाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी पकडला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पलंग गदागदा हलवला.

भट्टीवाली ताडकन उठून बसली. तिने लखलखणाऱ्या दिव्याकडे पाहिलं, मग दांड्यावरच्या सेक्रेटरींच्या हातांकडे.

"बघा, अशी उठते मी," ती म्हणाली. "आता यंत्र आणताय, की रोज तुम्ही येताय?"