जर्सी नंबर सात

दुबईत राहणारा उपेंद्र महिनाभर तिथल्याच एका बास्केटबॉलपटूची ऑफिशियल वेबसाइट बनवत होता. आता अंगात त्राण उरलं नव्हतं. लाँचच्या तोंडावर मॅनेजरचा फोन आला.

"हबीबी, बच्चों के कॅम्पवाला फोटो है ना? एक बच्चे के पॅरेंट्सने व्हॉट्सअॅप ग्रुप पे परमिशन ही नहीं दी. उसका फेस ब्लर कर दो. जर्सी नंबर सात. यल्ला, जल्दी!"

"साधं 'ओके' टाकायला होत नाही? कसले आईबाप असतात एकेक!" पुटपुटत उपेंद्रने नंबर शोधला, नीट न बघताच त्यावरच्या चेहऱ्यावर ब्लर मारला आणि साइट लाइव्ह केली. खलास.

संध्याकाळी त्याने लेकीला लॅपटॉपसमोर बसवलं. "श्रिया, बघ, बाबाने बनवलीय."

स्क्रोल करता करता ती त्या फोटोपाशी थांबली.

"बाबा, सेव्हन इज मी."