समारोपाचं वाक्य

व्यासपीठावरच्या खुर्चीत बसून बसून गोपिकाबाईंची पाठ अवघडून गेली होती. खांद्यावरची शाल दुपारच्या उन्हात नकोशी वाटत होती, पण ती सत्काराची होती, काढून ठेवता येत नव्हती. मांडवामागून खिचडी खाली लागल्याचा वास आला. त्या उठायला गेल्या, तर शेजारी बसलेल्या बिभीषणनं हातानंच खुणावलं, बसा. यंदा आचारी लावला होता. यंदा त्यांनी नुसतं बसायचं होतं, आणि शेवटी उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं.

कुंभार पिंपळगावातलं हे कुमार साहित्य संमेलन त्यांच्या मालकांनी, राधाकिसन गुरुजींनी, सुरू केलं होतं. पहिल्या वर्षी व्यासपीठ म्हणजे शाळेतल्या कडुलिंबाखाली सोडलेली एक बैलगाडी. नववी-दहावीची पोरंपोरी तिच्यावर चढून आपण लिहिलेलं वाचायची. पुढं नाव झालं. अंबडकडून, परतूरकडून टेम्पो भरून पोरं यायला लागली. दुष्काळाच्या सालीसुद्धा टँकर मागवून संमेलन झालं. पोरं पुढं वाचायची आणि गोपिकाबाई मागं चुलीपाशी असायच्या. टाळ्यांचा मोठा कडकडाट झाला, की आता पंगत बसणार, एवढं त्यांना कळायचं. कोण काय वाचून गेलं, ते कधी कानावर पडलं नाही. रात्री गुरुजी हौसेनं सांगायला बसायचे, तोवर गोपिकाबाईंचा डोळा लागलेला असायचा.

मग कोरोनात खंड पडला. पुन्हा सुरू झालं, पण टेम्पो काही भरेनात. त्यातच गुरुजी गेले. बिभीषण त्यांचा विद्यार्थी, आता त्याच शाळेत मास्तर. त्यानं दोनदा रेटून नेलं. या दिवाळीत तो घरी आला आणि चहाला बसला. काकू, आता ओढवत न्हाई, म्हणाला. यंदाचं गुरुजींच्या नावानं नीट करू आणि थांबू. गोपिकाबाईंना बरंच वाटलं. माझे गुडघे तर कवाच रिटायर झालेत, असं त्या म्हणाल्या. राहिला प्रश्न जाहीर करण्याचा. गावात ते कुणाच्या तोंडून निघालं नसतं. गुरुजींच्या घरातूनच शब्द यावा, असं ठरलं. ‘हे संमेलन आम्ही आज इथंच थांबवत आहोत.’ सकाळी अंघोळ करतानाही त्या ते घोकत होत्या.

मांडव निम्मा रिकामा होता. एकानं आईवर कविता वाचली, एकीनं झाडांवर. गोपिकाबाईंनी पदराआड दोन-तीन जांभया दिल्या. किती वेळ चालतं हे, असं मनाशी म्हणाल्या. शेवटी साजियाचं नाव पुकारलं.

साजिया वडीगोद्रीची. हायवेला बापाचं पंक्चरचं दुकान. घरात उर्दू बोलायची, त्यामुळं मराठी वाचताना मधेच अडखळायची आणि न लाजता तो शब्द पुन्हा म्हणायची. तिची गोष्ट अशीच एका दुकानापासून सुरू झाली. एक ट्रक टायर बदलायला थांबतो. आत वरातीचा पांढरा घोडा. ड्रायव्हर चहाला जातो आणि परत येत नाही. ऊन तापतं. घोडा आत खुरं आपटत राहतो. दुकानदाराची पोरगी चाकावर चढून बघते, तर त्याच्या तोंडाला फेस आलाय. ती बादली वर नेते. घोडा बादलीत तोंड घालत नाही, तिच्या केसांचा वास घेतो. दिवस कलतो तशी लोकं जमतात. कुणी म्हणतं सोड, कुणी म्हणतं पोलिसाला बोलव, बाप म्हणतो आपल्याला लफडं नको. पोरगी मागची फळी खाली पाडते, आणि लगाम हातात धरते.

साजियानं कागद मिटला. मांडवात टाळ्या पडल्या. गोपिकाबाईंचे हात मांडीवर तसेच राहिले. त्या खुर्चीत पुढं सरकल्या होत्या, शाल खांद्यावरून कधी घसरली ते त्यांना कळलं नव्हतं.

“मंग?” त्या म्हणाल्या. “घोड्याचं काय झालं?”

साजिया जाता जाता थांबली. “पुढचं सुचलंच न्हाई, आजी. ती त्याला घेऊन कुठं जाईल, कळून न्हाई राह्यलं. पुढच्या वर्षी बराबर आणते.”

बिभीषणनं मान खाली घातली. मग त्यानं सांगितलं, की आता काकू समारोपाचे दोन शब्द बोलतील. माईक गोपिकाबाईंच्या हातात आला. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या. गुडघे दुखत होते, पाठ दुखत होती, आणि वाक्य तोंडपाठ होतं. समोर साजिया आपल्या जागेवर जाऊन बसली होती आणि सगळ्यांसारखीच त्यांच्याकडं बघत होती. इतकी वर्षं मांडवाच्या या बाजूला असे किती घोडे उभे राहिले असतील, त्यांच्या मनात आलं, आणि आपण तिकडं कांदे चिरत होतो.

त्यांनी माईक तोंडाजवळ नेला आणि पुन्हा खाली घेतला. थकल्या असतील म्हणून बिभीषण आधार द्यायला उठला. त्यांनी त्याला बसायची खूण केली.

“बिभीषणा,” त्या माईकमधूनच म्हणाल्या, “पुढच्या वर्षी बी सैपाक दुसऱ्याच कुणाला सांग. मला इथं बसून ऐकायचंय.”