अडीच हॉर्सपॉवर

"बोटीचं इंजिन निवडणं हे शास्त्र आहे, हौस नव्हे!" संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेल्या नीलकंठरावांनी जाहीर केलं. सहलीच्या बोटीत बसणाऱ्या चौघांची वजनं विचारून त्यांनी काटेकोर बेरीज केली आणि अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं.

बरगी धरणाच्या पाण्यात जाताना वारा पाठीशी होता; सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परतताना तोच वारा समोरून आला. इंजिन जीव तोडून ओरडत होतं, पेट्रोल संपत आलं होतं आणि समोरच्या काठावरचं पळसाचं झाड जवळ येण्याऐवजी हळूहळू दूर जात होतं.

"आता तरी खरी वजनं सांगा," नीलकंठराव काकुळतीला आले.

मेव्हणी पूर्णिमानं बारा किलो वाढवले. तिच्या नवऱ्यानं पोट आत घेत नऊ कबूल केले. बायको शैलजा म्हणाली, "माझे सात धरा. अन् तुमचं स्वतःचं काय धरलं होतं जी? काहून चूप बसले?"

"छप्पन्न," ते पुटपुटले. "नोकरीला लागतानाच्या मेडिकलमधलं."

तेवढ्यात एक मासेमार निवांत वल्ही मारत शेजारून पुढे निघाला. नीलकंठरावांनी घसा खाकरला.

"भैया, रस्सी होगी क्या?"