मालकाचं नाव

“भरवशाचा छोटा ट्रॅक्टर दाखवा,” दिगंबरराव म्हणाले. “बाग हिच्या माहेरची, चालवणारही हीच.”

“मग निळा घ्या,” विक्रेता म्हणाला. “चालवणाऱ्याचा हात ओळखूनच सुरू होतो.”

सुभद्रेने निळ्याच्या स्टिअरिंगवर अलगद हात ठेवला.

“आणि तो लाल?” दिगंबररावांनी विचारलं.

“तो मालकाचं नाव ऐकल्याशिवाय जागचा हलत नाही.”

“मग लालच द्या. निळा उद्या मलाच ओळखायचा नाही! नाव माझं घाला.”

त्यांचं नाव सुभद्रेने आजवर फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही देवासमोर.

“घ्या वहिनी, लाजू नका!” विक्रेता हसला.

तिने डोळे मिटून हळूच नाव घेतलं. इंजिन सुरू झालं आणि ट्रॅक्टर तिला अदबीने म्हणाला, “बोला, दिगंबरराव.”