अमृताचे हात

दम्याची गोळी घेतली की अमृताचे हात थरथरायचे. म्हणून ती आपल्या तान्ह्या वेदांतला उचलायलाच घाबरायची. एका सकाळी तो रडून रडून लालबुंद झाला, कुणालाच आवरेना. शेवटी सासूबाईंनी त्याला सरळ तिच्या हातांत दिलं.

"आई, पडेल हो तो!"

"कोपरं मांडीवर टेकव. मी आहे ना शेजारी."

अमृताने जीव मुठीत धरून त्याला घेतलं. हात थरथरतच होते. हळूहळू रडणं थांबलं आणि वेदांत झोपून गेला.

पुढच्या आठवड्यात अमीनाबादच्या हिंदीभाषी डॉक्टरांनी तिचे हात पाहिले. "गोली बदल देते हैं. कंपन कम हो जाएगा."

अमृता सासूबाईंकडे बघून हसली. "अभी रहने दीजिए, डॉक्टर साहब. मुन्ना इसी से सोता है."