पाटीवरचा नारळ

लहान मुलं आपली आपण चित्रं काढायला कशी शिकतात, याचा अभ्यास करायला नलिनीताई दर महिन्याला पुण्याहून शेवगावजवळच्या एका बालवाडीत यायच्या. "पोरांना काहीही काढून दाखवायचं नाही," एवढं वचन त्यांनी बालवाडी चालवणाऱ्या गोजरबाईंकडून घेतलं होतं.

आज मात्र, ऐन बहात्तरच्या दुष्काळात, प्रत्येक कागदावर एकच चित्र होतं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली भरलेली नदी आणि काठाला नारळ. पोरांनी नारळाचं झाड जन्मात पाहिलं नव्हतं.

"तुमच्या भरवशावर होते मी, गोजरबाई. असा दगा द्यायचा?"

गोजरबाईंनी कोनाड्यातली पाटी पुढे केली.


"मागल्या खेपेला रडत्या भीमीला गप करायला तुमीच काढलं हुतं, ताई. पोरं अजून पुसू देत न्हाईत."